सिंकखालचा डिस्पोजर बंद पडला? आधी आवाज ऐका

आमच्या सिंकखालचा डिस्पोजर, म्हणजे खरकटं बारीक करून पाण्याबरोबर पाइपात सोडणारं यंत्र, पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी सरळ दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो आला, ओट्याखाली वाकला, यंत्राच्या बुडाचं लाल बटण दाबलं आणि हात झटकत उभा राहिला. अर्ध्या मिनिटाचं काम. येण्याजाण्याचे पैसे मात्र पूर्ण द्यावे लागले, आणि त्यात त्याचं काही चुकलंही नाही. तिथं बटण आहे हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं.

त्यानंतर हेच यंत्र अडकलं, तुंबलं, गळलं, वास मारू लागलं आणि शेवटी बदलावं लागलं. एवढं सगळं झाल्यावर सांगते, बहुतेक वेळा यंत्र उघडावं लागत नाही. बिघाड कोणता हे मात्र आधी ओळखावं लागतं, आणि ते कानानं ओळखता येतं. स्विच लावल्यावर काहीच आवाज नाही, नुसतीच गुणगुण, खडखडाट, किंवा आवाज नेहमीसारखा पण पाणी उतरत नाही. प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे. मी सुरुवातीला सगळ्यांवर एकच उपाय करत होते: पुन्हा पुन्हा स्विच दाबून बघणं. नेमका तोच सगळ्यात वाईट.

१. आत काय आहे ते आधी बघून घ्या

डिस्पोजरमध्ये मिक्सरसारखी पाती असतात असं पुष्कळांना वाटतं. नसतात. आत पोलादाची एक गोल चकती असते, तिच्यावर दोन बोथट ठोकळे बसवलेले असतात आणि चकतीभोवती खाचा असलेलं एक स्थिर कडं असतं. चकती गरागरा फिरली की खरकटं बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, ठोकळे ते कड्यावर रेटतात आणि ते किसलं जाऊन पाण्याबरोबर खाली उतरतं. म्हणजे हे मिक्सरपेक्षा किसणीच्या जवळचं प्रकरण. अमेरिकेत रसीन गावच्या जॉन हॅम्स या वास्तुविशारदानं १९२७ साली असं यंत्र पहिल्यांदा घरात बनवलं आणि १९३५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. तेव्हापासून मोटरी सुधारल्या, आवाज कमी झाला, पण काम अजूनही रगडण्याचंच आहे.

हे माहीत असलं की तीन गैरसमज आपोआप जातात. बर्फ घालून ‘पात्यांना धार’ लावता येत नाही, कारण धार लावायला काही नाहीच. बऱ्याच मॉडेलमध्ये ते ठोकळे बोटानं ढकलल्यासारखे सैल हलतात, ते मोडलेले नसतात, तशीच रचना असते. आणि काही अडकलं असेल तर ते बहुधा चकती आणि कडं यांच्यामधल्या फटीत असतं, मधोमध नाही. शोधायचं ते कडेला.

२. हाताशी काय ठेवायचं

- टॉर्च. मोबाइलचा चालतो, पण तो ओल्या हातात धरून सिंकवर वाकायचं हे लक्षात घ्या.
- लांब चिमटा किंवा पक्कड.
- पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची अॅलन की, म्हणजे वाकवलेली षट्कोनी चावी. ती बहुतेक यंत्राबरोबरच मिळते आणि बहुतेक घरांत पहिल्याच महिन्यात हरवते. नवी घेताना ६ मिलिमीटरची घेऊ नका. ती बसल्यासारखी वाटते, पण जोर लावला की घसरते आणि भोकाच्या कडा झिजवते.
- लाकडी दांडा. जुन्या झाडूचा असला तरी चालेल.
- प्लंजर (तुंबलेला पाइप मोकळा करायचा, दांड्याला रबरी वाटी असलेला पंप), बादली, जुनी फडकी, जुना टूथब्रश.
- टिश्यू पेपर. कशाला ते गळतीपाशी आल्यावर कळेल.

कागदपत्रांपैकी बिल, वॉरंटी कार्ड आणि मॉडेल क्रमांक एका जागी ठेवा. क्रमांक यंत्राच्या अंगावरच्या पट्टीवर छापलेला असतो, पण तो अशा कोपऱ्यात असतो की वाचायला आडवं पडावं लागतं. एकदाच फोटो काढून ठेवा. वॉरंटी शिल्लक असेल तर यंत्राचं कवच स्वतः उघडू नका. खाली सांगितलेल्या कशालाही त्याची गरज पडत नाही.

३. वीज तोडा, मग खरंच तुटली का ते तपासा

भिंतीवरचा स्विच बंद करणं म्हणजे वीज तोडणं नव्हे. सिंकखाली वाकून प्लग उपसा. वायर थेट भिंतीत गेलेली असेल तर मुख्य बोर्डावरचा त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडा. नंतर स्विच एकदा लावून बघा. काहीच झालं नाही तर तो परत बंद करा आणि त्यावर चिकटपट्टी लावा. चिकटपट्टी अति वाटेल, पण स्वयंपाकघरात घरातलं कुणीतरी येतंच आणि सवयीनं हात स्विचवर जातोच.

आणि हात आत घालायचा नाही. प्लग उपसलेला असला तरी नाही. आत फुटकी काच असू शकते, कड्याच्या खाचा बोटं सोलतात. चिमटा त्यासाठीच आहे.

४. स्विच लावला, काहीच आवाज नाही

म्हणजे मोटरपर्यंत वीज पोचत नाही. आधी सगळ्यात साध्या गोष्टी बघा. प्लग नीट बसलाय का? सिंकखाली सामान कोंबताना तो सैल होतो. सॉकेट जिवंत आहे का, ते एखादा दिवा लावून बघा. सिंकखाली दोन सॉकेट असतील तर बऱ्याचदा त्यातलं एकच भिंतीवरच्या स्विचशी जोडलेलं असतं आणि दुसरं डिशवॉशरसाठी कायम चालू असतं. सफाईनंतर प्लग भलत्याच सॉकेटमध्ये लागला की यंत्र बिघडलं असं वाटतं. बोर्डावरचा एमसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा खटका) पडलाय का तेही बघा.

ओट्यावर दाबायचं गोल बटण असेल तर ते विजेचं नसतं, हवेचं असतं. बटणापासून एक बारीक नळी खालच्या पेटीपर्यंत जाते आणि हवेच्या दाबानं स्विच चालू होतो. ती नळी निसटली की यंत्र मुकं. परत खोचली की झालं. काही यंत्रं झाकण बसवून फिरवल्याशिवाय चालूच होत नाहीत, तिथं झाकण नीट बसलंय का ते आधी बघा.

इतकं करूनही शांतता असेल तर ते लाल बटण. यंत्राच्या तळाशी, कधी बुडाच्या कडेला असतं. मोटरवर ताण आला की ते सुटून काही मिलिमीटर बाहेर येतं आणि वीज तोडतं. स्विच बंद ठेवा, दहा मिनिटं मोटर निवू द्या, मग दाबा. ‘टक्’ होऊन आत राहिलं तर ठीक. राहत नसेल तर मोटर अजून गरम आहे, आणखी थांबा.

इथं एक गोम आहे. हे बटण उगीच सुटत नाही. बहुतेक वेळा आत काहीतरी अडकलेलं असतं म्हणूनच सुटतं. त्यामुळे बटण दाबल्यावर लगेच स्विच लावण्याआधी पुढच्या पायरीत सांगितल्याप्रमाणे चकती फिरते का ते बघून घ्या. आणि बटण दाबून यंत्र सुरू करताच एमसीबी पुन्हा पडत असेल तर तिथंच थांबा. तो मामला इलेक्ट्रिशियनचा.

५. नुसती गुणगुण: चकती अडकली आहे

हा सगळ्यात नेहमीचा बिघाड, आणि घाई इथंच करायची. ‘हूंऽऽ’ असा आवाज येतोय पण काही फिरत नाही, याचा अर्थ मोटरला वीज मिळतेय आणि ती जागीच जोर लावतेय. अशा वेळी ती नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते आणि आतलं वाइंडिंग तापतं. लाल बटण तिला वाचवतं, पण दर वेळी त्याच्यावर भरवसा ठेवू नका. गुणगुण ऐकू आली की लगेच स्विच बंद.

आता वीज तोडून बुडाशी बघा. मधोमध षट्कोनी भोक असतं. त्यात अॅलन की घाला आणि मागे-पुढे फिरवा. एकाच दिशेला जीव खाऊन जोर लावू नका. ज्या बाजूला ती थोडी सरकेल त्या बाजूला न्या, मग उलट आणा. पंधरा-वीस वेळा असं हेलकावलं की अडकलेली वस्तू मोकळी होते आणि की एकदम हलकी फिरू लागते. पूर्ण चार-पाच फेरे दोन्ही बाजूंना झाले पाहिजेत.

बुडाला भोकच नसेल तर घाबरू नका. काही वेगवान मोटरींच्या यंत्रांना ते दिलेलंच नसतं. तिथं वरून लाकडी दांडा घाला, चकतीवरच्या ठोकळ्याला कडेजवळ टेकवा आणि चकती फिरवल्यासारखी ढकला. धातूची पहार किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. लाकडावर ओरखडा आला तर बिघडत नाही, कड्यावर आला तर बिघडतं.

चकती फिरू लागली की माणूस खूश होऊन स्विच लावतो. मीही लावला. दोन सेकंद छान आवाज, मग खट् आणि परत तीच गुणगुण. पुन्हा की, पुन्हा फेरे, पुन्हा स्विच, पुन्हा खट्. तिसऱ्या खेपेला डोकं चाललं की मी वस्तू सोडवत होते, काढत नव्हते. मग प्लग उपसला, तोंडाची रबरी झालर एका बाजूला दाबून धरली आणि टॉर्च मारला. आत काळपट ओल, एक साल आणि बाकी काही नाही. की फिरवत राहिले आणि डोळा कड्यावर ठेवला. पाऊण फेऱ्यावर कडेच्या फटीत काहीतरी चमकून गेलं. बाटलीच्या झाकणाखाली राहते ना, ती पत्र्याची बारीक रिंग, चपटी होऊन फटीत उभी बसली होती. वरून बघताना ती कडेचाच भाग वाटत होती. चिमट्यानं धरून उलटी ओढली तर निघाली.

म्हणून टॉर्च एकाच जागी मारून समाधान मानू नका. चकती थोडी थोडी फिरवत, पूर्ण फेरा होईपर्यंत सगळी कड बघा. सापडतात त्या वस्तू बहुतेक ठरलेल्या: चमचे, नाणी, खिळे, काचेचे तुकडे, फळांच्या कडक बिया.

सगळं निघालं की लाल बटण दाबा, प्लग लावा, गार पाण्याचा नळ जोरात सोडा आणि स्विच एक-दोन सेकंदच लावून बंद करा. आवाज स्वच्छ असेल तर मग नीट चालू करा.

बरेच दिवस न वापरलेलं यंत्र काहीही न अडकता असंच गुणगुणतं. चकती गंजानं धरलेली असते. उपाय तोच, कीचे हेलकावे.

६. खडखडाट

हा बिघाड ऐकायला भयंकर आणि सोडवायला सोपा. आत काहीतरी कडक वस्तू नाचतेय. वीज तोडा, टॉर्च, चिमटा, काढा. काहीच सापडलं नाही आणि आवाज मात्र रोज वाढतोय, जोडीला अख्खं यंत्र थरथरतंय, तर सिंकला धरून ठेवणारी वरची रिंग सैल झालीय का ते बघा. तीही घट्ट असेल तर ठोकळा निखळला असेल किंवा बेअरिंग गेलं असेल. तेव्हा यंत्राचं वय आठवा आणि शेवटच्या पायरीकडे चला.

७. आवाज नेहमीचा, पाणी उतरत नाही

यात यंत्राचा दोष नसतो. तुंबलाय तो पुढचा पाइप, बहुधा ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा यू आकाराचा वळणाचा पाइप.

पहिला मोह होतो तो पाइप मोकळा करणारं रसायन ओतायचा. नको. ते यंत्राच्या रबराला आणि धातूला खातं. शिवाय तुंबलेलं मोकळं झालं नाही तर तेच दाहक पाणी ट्रॅपमध्ये साचून राहतं आणि ट्रॅप उघडणाऱ्याच्या हातावर, डोळ्यांत उडतं. आधीच ओतलं असेल तर निदान मदतीला येणाऱ्याला ते सांगा.

प्लंजर मारून बघा. जोडसिंक असेल तर दुसऱ्या भांड्याचं भोक ओल्या फडक्यानं घट्ट दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो. डिशवॉशरची नळी यंत्राला जोडलेली असेल तर ती आधी क्लॅम्पनं चिमटून बंद करा, नाहीतर घाण पाणी डिशवॉशरमध्ये ढकललं जाईल.

नाहीच सुटलं तर ट्रॅप उघडा. खाली बादली ठेवा. दोन्ही टोकांच्या मोठ्या चाकीसारख्या नटा हातानं सैल होतात, नाही झाल्या तर पाना. यू खाली येतो तो पाण्यासकट. आत बहुधा पांढरट, गोंदासारखा लगदा सापडतो. पिठूळ पदार्थ आणि बटाट्याच्या साली एकाच वेळी भरपूर ढकलल्या की तो तयार होतो. टूथब्रशनं घासून काढा.

आता माझी फजिती ऐका. ट्रॅप काढला, लगदा बादलीत पडला, मला फार कर्तबगार वाटलं. उठले आणि बादली सवयीनं सिंकमध्येच ओतली. सिंकखाली ट्रॅप नव्हताच. सगळं पाणी सरळ माझ्या पायांवर. बादली दुसरीकडे ओतायची, आणि ट्रॅप जागेवर येईपर्यंत नळावर एखादं फडकं बांधून ठेवायचं.

बसवताना वॉशरची दिशा चुकते. वॉशरची निमुळती बाजू जोडाकडे आणि सपाट बाजू नटेकडे. उलटी बसली की कितीही आवळा, थेंब चालूच राहतात. प्लास्टिकच्या नटा हातानं घट्ट करून पान्यानं पाव फेरा, बस. जास्त आवळल्या तर चिरतात.

८. गळती: पाणी कुठून निघतं ते शोधा, कुठं पडतं ते नव्हे

थेंब नेहमी बुडाशी दिसतात, कारण पाणी खालीच ओघळतं. त्यावरून यंत्र गेलं असा निष्कर्ष काढू नका. प्लग उपसा, सगळं यंत्र फडक्यानं कोरडं पुसा. सिंकच्या भोकाला बूच लावून सिंक भरा. पाण्यात थोडा खाद्यरंग टाकला तर बरं. मग टिश्यू पेपर वरून खाली एकेका जोडावर टेकवत जा. जिथं रंगाचा पहिला डाग उमटेल ती जागा. भरलेल्या सिंकनं काही दिसलं नाही तर बूच काढून पाणी वाहतं ठेवा आणि तीच परीक्षा परत करा.

सगळ्यात वर, सिंकला लागून डाग आला तर कडेखालची प्लंबर पुट्टी वाळून गेलीय किंवा खालचे स्क्रू सैल झालेत. आधी स्क्रू एकसारखे आवळा. नाही थांबलं तर यंत्र उतरवून जुनी पुट्टी खरवडून नवी भरायची. यंत्र वजनदार असतं, एका हातानं पेलत दुसऱ्या हातानं रिंग फिरवणं जमत नाही. खाली पुस्तकांची चळत किंवा उलटी बादली ठेवा.

मधोमध, बाजूच्या पाइपाशी डाग आला तर सर्वांत सोपं. डिशवॉशरच्या नळीचा क्लॅम्प आवळा किंवा बाहेर जाणाऱ्या पाइपाचं गॅस्केट बदला.

वरचे सगळे जोड कोरडे आणि पाणी थेट बुडातून, लाल बटणाच्या आसपासून झिरपतंय, तर आतलं सील गेलं. पाणी मोटरपाशी पोचलंय. हे यंत्र वापरणं तेव्हापासून बंद.

९. वास

बर्फ, मीठ, सोडा, व्हिनेगर हे सगळं लोक आत ओततात आणि वास दोन दिवसांत परत येतो. कारण तो बहुधा आतून येतच नसतो. तोंडाची रबरी झालर खालून बघा. पाण्याचा झोत तिथं पोचत नाही आणि काळा बुळबुळीत थर वर्षानुवर्षं साचतो. वीज तोडा, झालर निघत असेल तर काढून उलटी करा, नसेल तर पाकळ्या वर दुमडून टूथब्रश आणि भांड्याच्या साबणानं घासा. पहिल्यांदा घासाल तेव्हा पोटात ढवळेल. नंतर महिन्यातून एकदा पुरतं.

वापरतानाची सवयही इथंच सांगते. आधी नळ, मग स्विच, मग खरकटं थोडं थोडं. दळण्याचा आवाज संपल्यावरही पंधरा-वीस सेकंद पाणी चालू ठेवा, म्हणजे दळलेलं पुढच्या मोठ्या पाइपात पोचतं. पाणी गार हवं. गरम पाण्यात तेल-तूप पातळ होऊन पुढं जातं आणि पाइपात निवून थिजतं. खरं तर ते सिंकमध्ये ओतूच नये. धागेदार देठ चकतीभोवती गुंडाळतात, आणि शिजलेला भात किंवा शेवया पाण्यात आणखी फुगतात. माझा नियम असा की ताटातलं आधी कचऱ्याच्या डब्यात, धुताना उरेल ते डिस्पोजरला.

१०. दुरुस्त करावं की बदलावं

बुडातून गळती, दर आठवड्याला सुटणारं लाल बटण, आत काही नसताना खडखडाट: यातलं एक असलं आणि यंत्र दहाएक वर्षांचं झालं असलं तर मी दुरुस्तीवर खर्च करणार नाही. नवं घेताना त्याच कंपनीचं आणि त्याच जोडणीचं मिळालं तर सिंककडची रिंग तशीच ठेवून नुसतं यंत्र अडकवता येतं. उंची मात्र मोजून घ्या. नवं यंत्र दोन इंचांनी लांब निघालं तर बाहेर जाणारं तोंड भिंतीतल्या पाइपाच्या खाली जातं आणि पाणी चढावर जायला तयार होत नाही.

आणि डिशवॉशर जोडायचा असेल तर नव्या यंत्राच्या बाजूची आखूड नळी आतून बघा. ती प्लास्टिकच्या चकतीनं बंद केलेली येते. यंत्र टांगण्याआधीच स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीनं ती फोडा, आणि आत पडलेला तुकडा यंत्र उलटं करून बाहेर काढा. ती फोडायची राहिली तर डिशवॉशरचं पाणी आतच तुंबेल. फोडलीत पण तुकडा आतच राहिला, तर नव्या यंत्राचा पहिला आवाज खडखडाटाचा असेल.